अक्काचे लाल ठिपके

दिवाळीच्या सुट्टीत मी काय करायचं हे अव्वानं, म्हणजे आमच्या आईनं, एका वाक्यात ठरवून टाकलं. "शिवरंजनीसंगं सोलापूरला जात जा, आन् ती डबा खाती का न्हाय ते बघ."

शिवरंजनी म्हणजे माझी मोठी बहीण. मी तिला अक्का म्हणते. ती सोलापूरच्या एका कॉलेजात रसायनशास्त्रात पीएचडी करते आणि रोज आमच्या अणदूरहून एसटीनं जाऊन-येऊन करते. अप्पांचं हायवेला रंगाचं आणि हार्डवेअरचं दुकान आहे, घर त्याच्याच मागं. अक्का निघते तेव्हा दुकानाचं शटर उघडलेलं नसतं आणि परत येते तेव्हा अप्पा ते खाली ओढत असतात. पावसाळ्यापासून तिचा डबा जसा नेला तसा परत यायला लागला होता. अव्वा झाकण उघडायची, बघायची आणि भाकरी गाईला घालायची. ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

मी त्या दिवसांत जमिनीपासून थोडी वरच चालत होते. तुळजापूरच्या तालुका वक्तृत्व स्पर्धेत माझा पहिला नंबर आला होता. त्याच्या आधी मी वर्गात हजेरी देतानासुद्धा बाकाकडं बघायचे. आता मला कुठल्याही विषयावर उभं करा, घंटा वाजली तरी मी थांबत नाही. त्यामुळं अक्काचा डबा हा माझ्या दृष्टीनं अगदीच सोपा विषय होता. मी बोलेन, ती हसेल, भाकरी पोटात जाईल.

पहिल्या दिवशी ती टोलनाका यायच्या आतच झोपली. डोकं खिडकीच्या गजाला टेकलेलं, तोंड थोडं उघडं. गाडी खड्ड्यात गेली की डोकं आपटायचं, तरी तिला जाग यायची नाही. सोलापूर आलं तेव्हा तिच्या गालावर गजाची रेघ उमटली होती.

"तू रोज अशी झोपतीस?"

"रोज जागा कुठं मिळती?"

प्रयोगशाळेत शिरले तर अप्पांच्या दुकानाचा वास. थिनरचा. मला वाटलं होतं काहीतरी वेगळंच जग असेल, पण टेबलं जुनी, खिडकीची एक काच पुठ्ठ्याची, आणि कोपऱ्यात एक मशीन घोंघों करत फिरत होतं. तिथं दैवशालाताई होती. ती येरमाळ्याची, अक्काच्या मागून दोन वर्षांनी पीएचडीला लागलेली, हॉस्टेलवर राहणारी.

"ही कोण?"

"माझी बहीण, सृष्टी. अव्वानं पाठवलीय, डब्यावर पहारा ठेवायला."

"बरं झालं बाई आलीस," दैवशालाताई मला म्हणाली. "तुझ्या अक्काला जेवताना बघितलेला माणूस आमी कवापासून शोधतोय."

अक्कानं कपाटातून एक छोटी काचेची बाटली काढली. आत काळ्या चहासारखं काहीतरी. तिनं पडदा ओढला आणि जांभळी टॉर्च बाटलीवर धरली. चुलीतल्या निखाऱ्यावर फुंकर घातल्यावर तो जसा आतून पेटतो, तशी ती अख्खी बाटली लाल झाली. मी बाकी काहीही विसरेन, तो लाल रंग विसरणार नाही. अक्का मात्र बाटलीकडं बघतच नव्हती. ती माझ्या तोंडाकडं बघत होती, आणि कित्येक दिवसांनी तिच्या चेहऱ्यावर थोडं हसू आलं होतं.

"यात काय आहे?"

"ठिपके. क्वांटम डॉट म्हणतात. एका केसाच्या रुंदीत ओळीनं हजारो बसतील एवढे बारीक. आकार थोडा बदलला की रंग बदलतो. हे लालवाले."

"आन् त्यांचं करायचं काय?"

"रेझिनमध्ये मिसळून पातळ पत्रा करायचा आणि रोपवाटिकेवर टाकायचा. उन्हातला जांभळा-निळा उजेड हे पितात आणि लाल सोडतात. लाल उजेड रोपांच्या जास्त कामाचा असतो."

"मग मिसळ की."

दैवशालाताईनं कपाळावर हात मारला. "ही तर आमच्या गाइड सरांसारखंच बोलती."

मग अक्कानं मला ते समजावून सांगितलं. तिचा आवाज असा, जणू हे ती स्वतःलाच हजारदा सांगून दमली आहे. प्रत्येक ठिपक्याच्या अंगावर एक झूल असते. झूल म्हणजे बारीक शेपट्या. एका टोकानं त्यांनी ठिपक्याला धरलेलं, दुसरं टोक बाहेर. ही बाहेरची टोकं तेलकट असतात, म्हणून ठिपके थिनरसारख्या द्रवात मजेत राहतात. रेझिन तसं तेलकट नाही. त्यात टाकलं की या शेपट्यांना ओळखीचं कुणी भेटत नाही, आणि ठिपके एकमेकांना जाऊन चिकटतात.

"परक्या गावच्या लग्नात आपली माणसं कशी एकाच सतरंजीवर गोळा होऊन बसतात, तशी," अक्का म्हणाली. "गोळा झाले की रेझिन गढूळ होतं आणि उजेड मरतो."

"मग झूल बदलायची."

"तेच करतीय. दीड वर्ष."

नवी झूल तिच्याकडं होती, एका छोट्या बाटलीत, पाण्यासारखी दिसणारी. त्या रेणूचं एक टोक ठिपक्याला धरतं आणि दुसरं रेझिनच्याच जातीचं, म्हणजे रेझिन घट्ट होताना ते टोक त्यातच विणलं जातं. कागदावर बघितलं तर यात अडायला काही जागाच नव्हती. आधी जुनी झूल उतरवायची, मग नवी घालायची.

अक्का उतरवायला बसली. ठिपक्यांत स्पिरिट ओतायचं, ते मशीनमध्ये फिरवायचं, ठिपके तळाला बसले की वरचं ओतून द्यायचं. मग परत स्पिरिट. परत मशीन. परत ओतायचं. कृतीत लिहिलंय त्यापेक्षा ती जास्तच धूत होती, हे मला दैवशालाताईच्या बघण्यावरून कळलं. पण मला त्यात नवल वाटलं नाही, कारण मी अव्वाच्या घरात वाढलेय.

आमच्याकडं सकाळच्या लिंगपूजेचा तांब्या आधी चिंचेनं घासतात, मग राखेनं, मग नुसत्या पाण्यानं. तो धुताना ज्या हातानं नळ सुरू केला तो हात नळाला लागला म्हणून नळाची तोटी धुवायची, आणि तोटी धुतली म्हणून परत तांब्या. याला अव्वा मडी म्हणते, म्हणजे सोवळं. मी त्यातून पळवाटा काढते. अक्कानं कधी काढल्या नाहीत. भांडं बोटाखाली चर्र वाजेपर्यंत ती थांबायची नाही. इथंही ती थांबत नव्हती, फक्त हे भांडं वाजणारं नव्हतं.

दुपारी तिनं धुतलेल्या ठिपक्यांवर नवी झूल टाकली, ढवळलं, मग ते मिश्रण रेझिनमध्ये मिसळलं, रबराच्या छोट्या साच्यात ओतलं आणि जांभळ्या दिव्याखाली ठेवलं. साच्यातून निघाली ती नाण्याएवढी चकती. ताकाच्या निवळीसारखी. टॉर्च धरली तर कुठं कुठं फिकट गुलाबी डाग आणि बाकी काही नाही.

अक्कानं खण उघडला. आत तसल्याच चकत्या होत्या, नुसत्या पडलेल्या. तिनं ही पण त्यात टाकली आणि खण लावला.

"सरांना दाखवायची न्हाय?"

"सरांनी हिच्या बहिणी बघितल्यात."

डब्यातली अर्धी भाकरी मी खाल्ली. उरलेली मी तिच्या तोंडापाशी नेली तर तिनं एक घास घेतला आणि तो इतका वेळ चघळला की मलाच कंटाळा आला.

परतीच्या गाडीला उशीर होता. स्टँडवर आम्ही एका सिमेंटच्या बाकड्यावर बसलो होतो आणि मी बोलत होते. काय बोलत होते ते आता आठवत नाही, पण चांगलं बोलत असणार. मध्येच अक्का म्हणाली, "सृष्टी, मार्गशीर्षात कमिटी येणार आहे."

"कसली?"

"माझी शिष्यवृत्ती पुढं चालू ठेवायची का न्हाय हे ठरवणारी. एक स्वच्छ चकती दाखवता आली पाहिजे. आरपार दिसणारी आणि लाल."

"आन् न्हाय दाखवता आली तर?"

"तर मी सोडणार. नळदुर्गच्या क्लासवाल्यांनी बोलावलंय, बारावीला शिकवायला. जवळ पण आहे."

"अव्वाला सांगितलंस?"

"तुला सांगितलं तेवढं बास. सुम्म बस आता."

सुम्म बस म्हणजे गप्प बस. आमच्या घरात रागावताना आणि देवाला हाक मारताना कानडी बाहेर पडतं. पण ती रागावलेली नव्हती. नळदुर्ग जवळ आहे हे ती असं म्हणाली, जसं खूप चालून आलेला माणूस म्हणतो की इथं ओटा आहे. आणि मी, तालुक्यात पहिली आलेली, उठून समोरच्या गाडीची पाटी वाचायला गेले.

सुट्टी अशीच गेली. खणात चकत्या वाढल्या. कधी गढूळ जास्त, कधी कमी, एकदा तर एवढी बरी आली की दैवशालाताईनं चहा मागवला, आणि चहा येईपर्यंत चकतीच्या मधोमध ढग उतरला. दर वेळी अक्काचं एकच उत्तर असायचं. जुनं पुरतं निघालं नसणार, पुढच्या वेळी अजून धुवायचं. आणि ती अजून धुवायची. मला एक दिसत होतं, धुतलेले ठिपके टॉर्चखाली आधीच फिकट पडलेले असायचे, रेझिनमध्ये जायच्याही आधी. मी तसं म्हटलं.

"उघडे पडतात ना," अक्का म्हणाली. "झूल गेली की वरचे अणू उघडे राहतात. उजेड तिथंच वाया जातो. नवी झूल बसली की परत येतो थोडा."

"थोडाच का?"

"तेच तर शोधतीय, सृष्टी."

अप्पांना कमिटीचं माहीत नव्हतं, पण लेकीचं काहीतरी अडलंय हे दिसत होतं. एका संध्याकाळी ते दुकानातनं दोन डबे घेऊन आत आले. "ह्ये टाइल्सचं इपॉक्सी. ह्यातलं थोडं आन् त्यातलं थोडं मिसळलं की दगड. ह्यात टाकून बघ की तुझे ठिपके."

"अप्पा, हे उन्हात पिवळं पडतं."

"पिवळं पडतं व्हय?" त्यांनी डबा फिरवून लेबल बघितलं. "आन् मी लोकांला धा वर्स टिकतं म्हणून देतोय."

अक्का हसली. हसताना तिच्या डोळ्यांखालचं काळं अजून दिसायचं.

शाळा सुरू झाल्यावर मी फक्त रविवारी जायला लागले. रविवारीसुद्धा ती जायचीच. एव्हाना मीही दमले होते. हे मला कुणापुढं कबूल करायचं नव्हतं, पण एकच गोष्ट रोज बिघडताना बघणं हे स्वतः काही न करतासुद्धा अंगावर येतं. गाडीत बसलं की आता मलाही झोप यायची.

गावच्या यात्रेच्या आधीच्या दुसऱ्या रविवारी परत येताना मात्र मी जागी होते. गाडीत पुढच्या सीटवर आमच्याच गावच्या धुरपताबाई होत्या, मांडीवर नारळांची पिशवी घेऊन. यात्रेचं बोलणं चाललं होतं. आमच्या खंडोबाचं असं आहे की देवळं दोन आणि मूर्ती एक. एक देऊळ अणदूरला, एक नळदुर्गला. वर्षातला बहुतेक काळ देव आमच्याकडं असतो आणि यात्रा झाली की दोनेक महिने नळदुर्गला जातो. नळदुर्गची माणसं येतात, दोन्ही गावांचा करार होतो, मग देव निघतो. परत येतानाही तसंच. लहानपणी मला वाटायचं सगळ्याच गावांचे देव असे ये-जा करतात.

अक्का जागी होती, पण बोलत नव्हती. त्या दिवशीची चकती सगळ्यांत वाईट निघाली होती. मला तिला हसवायचं होतं, दुसरं काही नाही.

"अक्का, तुमच्या प्रयोगशाळेनं खंडोबाची यात्रा भरवली तर काय हुईल सांगू?"

"सांग."

"आधी देवाला गाभाऱ्यातनं काढायचं. हायवेवर आणून ठेवायचं. अंगावरचं सगळं उतरवायचं. धुवायचं. परत धुवायचं. तोटी धुवायची. आन् मग नळदुर्गला फोन लावायचा, की या आता, घेऊन जावा."

"आन् तवर देव काय करंल?"

"थंडी वाजून बसंल कुठंतरी गोळा होऊन."

धुरपताबाई मागं वळल्या. "देवाचं असं बोलू न्हाय गं पोरी. शिकल्याली हायस ना?"

"चुकलं, मावशी."

"चुकलं म्हणती आन् हसती."

मी अक्काकडं बघितलं तर ती हसत नव्हती. ती समोरच्या सीटच्या फाटक्या रेक्झिनकडं बघत होती. टोलनाका गेला. ती झोपली नाही. बरंच पुढं आल्यावर म्हणाली, "न्यायला येणारे आधी, मग देव. ठिपक्यांवर लोकांनी केलंय तसं."

"काय केलंय?"

"जुनी झूल अंगावर असतानाच नवी टाकायची. जास्त टाकायची, गरम ठेवायचं, वेळ द्यायचा. एक शेपटी सुटती तिथं लगेच दुसरी बसती. ठिपका मधल्या वेळात उघडा पडतच न्हाय. मी वाचलंय हे, पहिल्याच वर्षी वाचलंय."

"मग का न्हाय केलंस?"

"सरांच्या आधीच्या विद्यार्थ्याचं धुवून जमलं होतं, दुसऱ्या ठिपक्यांवर. मी तेच धरून बसले. आणि..." ती थांबली. "असं केलं तर दोन्ही एकात एक राहतं, सृष्टी. जुनं, नवं, सुटलेलं, सगळं एकाच भांड्यात. मला ते बघवत न्हाय. हात आपोआप स्पिरिटच्या बाटलीकडं जातो."

"अव्वाची लेक."

"व्हय."

ती हे शोध लागल्यासारखं बोलली नाही. दीड वर्ष चुकीच्या बाजूनं चालत आलो हे कळल्यावर माणूस ज्या आवाजात बोलतो, त्या आवाजात बोलली. अणदूरला उतरताना तिचा पाय पायरीवर अडखळला आणि मी दंड धरला. किती हलका होता.

पुढच्या रविवारी तिनं तसं केलं. ठिपके थिनरमध्ये, जुन्या झुलीसकट. त्यात नवी झूल थेंब थेंब. खाली गरम तेलाचं भांडं, आत ढवळणारा चुंबक. मग काहीच नाही. नुसतं बसायचं. अक्काला हे बसणंच जमत नव्हतं. तिनं टेबल पुसलं. पुसलेलं टेबल परत पुसलं. तिसऱ्यांदा तिचा हात स्पिरिटच्या बाटलीकडं गेला तेव्हा दैवशालाताईनं बाटली उचलून आपल्या टेबलावर नेली.

"ही माझ्याकडं राहू दे. लागंल तवा अर्ज करा."

"अगं, मी नुसती सरकवत होते."

"मला म्हायती हाय तुमचं सरकवणं."

दुपार उतरली तेव्हा अक्कानं बाटली मागितली. एकदाच धुतलं, आणि त्या स्पिरिटमध्येही नव्या झुलीचे काही थेंब टाकले, म्हणजे धुतानाही ठिपके उघडे पडू नयेत. मशीन फिरलं. वरचं ओतलं. मी बघत होते, तिचा हात दुसऱ्यांदा स्पिरिट ओतायला उचलला गेला आणि हवेत थांबला. मग तिनं तो खाली घेतला आणि ओढणीला पुसला. टॉर्च धरली तर ठिपके लालच होते.

मग रेझिन, साचा, दिवा, आणि चकती निघाली. दैवशालाताईनं टेबलावरचा पेपर पुढं सरकवला आणि अक्कानं चकती त्यावर ठेवली. खालची अक्षरं वाचता येत होती. मग पडदा, मग टॉर्च. या कडेपासून त्या कडेपर्यंत एकसारखा लाल.

मला ओरडायचं होतं. मी अक्काकडं बघितलं आणि ओरडले नाही. ती स्टुलावर बसली होती, दोन्ही हात मांडीत घेऊन.

"परत करून बघू," ती म्हणाली.

त्या आठवड्यात तिनं परत केलं. दुसरी चकती थोडी ढगाळ आली. का, ते तिला कळलं नाही. तिसरी स्वच्छ आली. तिसरी कमिटीसाठी ठेवली आणि पहिली तिनं माझ्या हातात दिली. "दुकानाच्या पत्र्यावर चिकटव. ऊन लागलं पाहिजे. रोज टॉर्च लावून बघ आणि मला सांग."

मी ती पत्र्यावर चिकटवली. अप्पा खालून म्हणाले, "वर काय करतीस गं?"

"अक्काचं वाळवण घालतीय."

"कावळ्यानं नेलं तर माझ्याकडं यू नगं."

कमिटी आली त्या दिवशी मी शाळेत होते. भूमितीच्या तासाला मला प्रमेय सिद्ध करायला उभं केलं आणि मी पहिल्यांदाच, नंबर आल्यापासून पहिल्यांदाच, बाकाकडं बघत उभी राहिले. संध्याकाळी मी दुकानाच्या पायरीवर बसून होते. उमरग्याकडं जाणारी गाडी थांबली, अक्का उतरली, तिनं पिशवी एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतली आणि हळूहळू रस्ता ओलांडला.

"काय झालं?"

"वाढवली. सहा महिने."

"म्हणजे झालं."

"त्यांनी विचारलं, उन्हात किती टिकतं. मी म्हटलं, बघतोय."

"मग नळदुर्गला न्हाय ना जाणार?"

ती पायरीवर माझ्या शेजारी बसली. चप्पल काढली. टाचेला फोड आला होता. "क्लासवाल्यांनी सोमवारपर्यंत थांबतो म्हटलंय."

"पण चकती तर आली की."

"एक जमली, सृष्टी. आता तशा शंभर जमल्या पाहिजेत. मग ऊन. मग पाऊस. मग पत्रा. त्यानंतर कुणीतरी विचारणार, महाग किती पडतं." तिनं फोडावर बोट ठेवलं आणि काढलं. "वाईट न्हाय वाटत मला. नुसतं दमलेय. दमलेल्या माणसानं सहा महिने घ्यावेत का, एवढंच कळंना."

आत जाऊन तिनं डबा अव्वासमोर ठेवला. भरलेला. अव्वानं झाकण उघडलं, बघितलं. अक्का म्हणाली, "आज वेळच न्हाय मिळाला," आणि तिथंच खाली बसून सकाळची ती वातड झालेली भाकरी शेंगाच्या चटणीशी खायला लागली. अव्वा ताजी करते म्हणाली तर मान हलवून नको म्हणाली. अव्वा तव्यापाशी उभी राहून तिच्याकडं बघत राहिली.

यात्रा शनिवारी होती. गाव माणसांनी भरलं, हायवेच्या कडेपर्यंत दुकानं लागली, भंडाऱ्यानं रस्ता पिवळा झाला. अक्का सकाळी दर्शन घेऊन आली आणि झोपली. पाहुणे आले, गेले, ती झोपलेलीच. दुपार टळल्यावर मी पत्र्यावर चढले, डोक्यावर चादर घेऊन, म्हणजे आत अंधार होईल. टॉर्च लावली.

मधोमध लाल होतं. पण कडेनं, नखाएवढ्या रुंदीचं, एक कडं फिकट पडलं होतं. काल नव्हतं. मी टॉर्च बंद केली, परत लावली. होतंच.

मी बराच वेळ चादरीतच बसून राहिले. खालून हलगी वाजत होती. मला खोटं बोलता आलं असतं. सोमवार होऊ द्यायचा, तिनं क्लासवाल्यांना नाही म्हणायचं, आणि मग सांगायचं. चांगलं बोलता यायला लागलं की असं काहीही सुचतं. पण तिनं मला रोज बघून सांग म्हटलं होतं, आणि तिनं माझ्यापासून एकही बिघडलेली चकती लपवली नव्हती. मी चकती सोडवली आणि खाली गेले.

अक्का कुशीवर होती. मी तिच्या खांद्याला हात लावला. "अक्का, कडेनं रंग उतरलाय."

तिनं डोळे न उघडता हात पुढं केला. मी चकती दिली, पांघरूण दोघींच्या डोक्यावर ओढलं आणि टॉर्च लावली. त्या लाल उजेडात तिचा चेहरा खूप जवळ होता, घामेजलेला, उशीच्या वळ्या उमटलेला. ती चकती फिरवून फिरवून बघत होती. मी तिच्या तोंडाकडं बघत होते. आता ती म्हणेल, बास झालं.

"कडेनं हवा शिरतीय," ती म्हणाली. "मधे काही झालेलं न्हाय. झूल सुटली असती तर मधेसुद्धा गेला असता." मग जांभई दिली. "सोमवारी कडेला लेप लावून बघते. पहिल्या गाडीनं जाईन. उठव मला."

"सोमवारी क्लासवाल्यांना..."

"फोन करीन की. टॉर्च बंद कर, डोळ्यात येतीय."

मी टॉर्च बंद केली. ती चकती मुठीतच धरून परत झोपली. पालखी निघायला अजून वेळ होता, आणि ती म्हणाली नव्हती तरी मला माहीत होतं की पालखीसाठी तिला उठवायचं नाही.

स्वयंपाकघरात अव्वा पाहुण्यांसाठी हुग्गी, म्हणजे खीर, ढवळत होती. गव्हाच्या वाफेनं तिचे केस कपाळाला चिकटले होते. मी तिला सांगितलं, सोमवारी अक्काचा डबा लागेल, लवकरचा.

"खाईल का पर?" तिनं विचारलं.

"म्हायती न्हाय," मी म्हटलं. "तू दे."